सातचा मिस्ड कॉल

सेम्बावांग,
सिंगापूर, ३ ऑगस्ट २०२५

जयाताई,

पाकिटाच्या मागे सारंगचं नाव घातलंय. माझं दिसलं असतं तर तू न उघडताच फाडलं असतंस. माझ्या नवऱ्यावर तुझा राग नाही, हे मला ठाऊक आहे. आता उघडलंच आहेस तर वाच.

सुरुवातीला 'तुम्ही' लिहायला घेतलं होतं. दोन ओळींत हात अडकला. जिच्या स्वयंपाकघरात मी आठ महिने जेवले, तिला 'तुम्ही' कसं म्हणू? तेव्हा 'तू'च. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंयस आणि मी तुला. आधी कोणी केलं हा वाद आज नको. तू केलंस.

श्रिया तुझ्याकडे पाया लेबारला येऊन गेली, हे तिनेच मला सांगितलं. तुझ्याकडून निघाली ती थेट माझ्याकडे आली. चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत नोकरी, लग्नाला दीड वर्ष, नवरा अमेय थर्ड इंजिनिअर. त्याचं जहाज गेल्या महिन्यात चाच्यांनी धरलं, आणि धरलं तेही त्याच पाण्यात, जिथे पंधरा वर्षांपूर्वी तुझा निशिकांत आणि माझा सारंग एका जहाजावर अडकून पडले होते. हे सगळं तुला माहीत आहे. मी लिहितेय, कारण लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही.

तू तिला सांगितलंस, "कोणाशी बोलू नकोस. पेपरात नाव आलं की माणसाची किंमत वाढते आणि सुटका लांबते. कंपनीवर विश्वास ठेव." मी सांगितलं, "गप्प बसलीस तर कंपनी हे घोंगडं भिजत ठेवेल. फोटो दे, मुंबईच्या पेपरात छापून आणते." ती मान हलवत होती. तुझ्याकडेही तिने तशीच मान हलवली असणार.

तुला वाटत असेल, प्रणिता पुन्हा सुरू झाली. झालेच. माझे बाबा नाशकात एस.टी.च्या युनियनमध्ये होते. आमच्या घरी साखर संपलेली असायची, पण मोर्चाचा कापडी फलक घडी घालून कपाटात तयार असायचा. तुझ्या वडिलांचा सांगलीत कारखाना. मालकाने माणसं सांभाळायची, माणसांनी मालकाचा शब्द पाळायचा, आणि घरातलं घरात मिटवायचं, हे तू दुधाबरोबर प्यायलीस. एरवी आपण दोघी एका सतरंजीवर बसलो नसतो. चाच्यांनी बसवलं.

मी अजून एम.आर.टी. स्टेशनजवळच्या ट्यूशन सेंटरमध्ये इतिहास शिकवते. सेकंडरी फोरला सध्या तोच धडा चाललाय, दुसऱ्या महायुद्धातले दोस्त नंतर एकमेकांचे वैरी कसे झाले तो. परवा एल्ब नदीवरचा फोटो दाखवला. इकडून अमेरिकेचे सैनिक, तिकडून रशियाचे, मध्ये मोडका पूल, आणि दोघे हात पुढे करून हसतायत. त्या फोटोनंतर दोन-तीन वर्षांत त्यांनी बर्लिनमध्ये एकमेकांची वाट अडवली. मागच्या बाकावर वेदांत म्हणून एक मुलगा बसतो. इथेच जन्मलेला, घरी मराठी, बाहेर सिंग्लिश. तो म्हणाला, "चर, दे विन ऑलरेडी व्हॉट. व्हाय फाइट सम मोर?"

'चर' म्हणजे टीचर, म्हणजे मी. जिंकले ना, मग परत भांडण कशाला, असं विचारत होता. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. समान शत्रू संपला, मग एकाला दुसऱ्याची विचारसरणी दिसायला लागली, वगैरे. मुलांनी लिहून घेतलं. वेदांतने लिहिलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी फळा पुसायला घेतला.

तुला उपदेश करायला हे पत्र नाही. एकच मागणं आहे. त्या मुलीला मध्ये ओढू नकोस. मीही ओढणार नाही, पण ती माझ्याकडे आली आहे आणि फोटो तिने दिला आहे.

प्रणिता


सेम्बावांग,
१२ ऑगस्ट

जयाताई,

पहिलं पत्र पोचल्याचं कळलं. रविवारी आपले दोघे हॉकर सेंटरमध्ये पराठा खायला भेटले, नेहमीसारखे. पंधरा वर्षं भेटतायत आणि त्या जहाजाबद्दल एक अक्षर काढत नाहीत. निशिकांतने सारंगला सांगितलं, "जया म्हणाली, अक्षर अजून तसंच गचाळ आहे." म्हणजे वाचलंस.

आता वाईट बातमी. तुला माझ्याआधी कळली असेल.

शुक्रवारी पेपरात आलं. अमेयचा फोटो, लग्नातला, फेटा बांधलेला. मी तो कापून घ्या म्हटलं होतं, त्यांनी फेट्यासकट छापला. आणि त्याच सकाळी तू कंपनीच्या ऑफिसात बसून साहेबांना शब्द देत होतीस की घरची माणसं तोंड उघडणार नाहीत. साहेबांनी तुझ्यासमोर फोनवर ती बातमी उघडली म्हणे. तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतं. मागच्या वर्षी हे घडलं असतं तर त्या चेहऱ्यावर मी हसले असते.

दर सोमवारी जहाजावरून श्रियाला फोन यायचा. दोन मिनिटं, मागे कोणीतरी उभं आहे हे कळेल असा, पण यायचा. या सोमवारी आला नाही. कंपनी म्हणते चाच्यांनी बंद केला. चाचे काय म्हणतात ते कोणाला ठाऊक? माझ्या बातमीमुळे बंद झाला, की तुझा शब्द मोडल्याचा राग साहेबांनी काढला, की जहाजावर काही घडलं, यातलं काहीच मला माहीत नाही. तुलाही नाही. हेच भयंकर आहे. आपण दोघींनी एकाच दिवशी दोन बाजूंनी एकच दार ढकललं आणि ते बंद झालं.

काल श्रिया आली. बँकेतून तशीच, गळ्यात ओळखपत्र. मी चहा टाकला. तिने कप उचललासुद्धा नाही. मी आपलं सुरू केलं, की आता मागे हटून चालणार नाही, दिल्लीला निवेदन देऊ. तिने मला बोलू दिलं आणि मग म्हणाली, "मावशी, जयामावशी म्हणतात तुमच्यामुळे फोन बंद झाला. तुम्ही म्हणता त्यांच्यामुळे कंपनी ढिम्म आहे. मला बाजू नकोय. मला माझा नवरा हवाय."

माझं निवेदन तिथेच राहिलं. तुला माहीत आहे, मी सहसा थांबत नाही.

जाताना दारात बूट घालत ती म्हणाली, "बाकीच्या बायका मला विचारतात, तू 'सोबत'ची की 'किनारा'ची? कालपर्यंत मला हे दोन गट आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं."

'सोबत' तुझी, 'किनारा' माझी. जहाजावरच्या माणसांच्या बायकांना आधार द्यायला काढलेल्या दोन संस्था. तुझी सभा पाया लेबारच्या एसी हॉलमध्ये, माझी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू एकाच रविवारी, कारण तू तारीख जाहीर केलीस की मी तीच धरते आणि मी केली की तू धरतेस. बायका तुझ्याकडचं वाण पिशवीत लपवून माझ्याकडे येतात. ते मला दिसतं. पहिल्या वर्षी तू स्टीलची वाटी दिलीस, मी डबा दिला. मग तू चार डब्यांचा संच, मी नॉनस्टिक तवा. मागच्या वर्षी तू इलेक्ट्रिक किटली दिलीस ना? सारंग म्हणाला, "पुढच्या वर्षी तू फ्रिज दे, म्हणजे युद्ध संपेल." मुलांना मी शस्त्रस्पर्धेचा धडा शिकवत होते तेव्हा मला आपला तवा आठवला आणि वर्गात हसू आवरेना.

आता हसू येत नाही. या सगळ्या तव्या-किटल्यांच्या मध्ये ती पोरगी उभी आहे आणि तिचा फोन वाजत नाही.

प्रणिता


सेम्बावांग,
१५ ऑगस्ट

जयाताई,

उत्तर आलं नाही. निशिकांतकडूनही निरोप नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते. बोलणं हा माझा पंथ आहे, हे तूच कोणाकोणाला सांगितलंस.

दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपले नवरे सुटून आल्यावर इथल्या मराठी मंडळाने सत्कार ठेवला होता. माईक आधी तुझ्या हातात आला. तू म्हणालीस, "आम्ही संयम ठेवला, कंपनीवर विश्वास ठेवला, म्हणून ही माणसं आज इथे आहेत." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माईक घेतला आणि म्हणाले, "आम्ही रस्त्यावर बसलो, म्हणून आहेत." टाळ्या दोघींनाही पडल्या. ज्यांनी तुला टाळ्या दिल्या त्या 'सोबत'मध्ये गेल्या, ज्यांनी मला दिल्या त्या 'किनारा'त. सुरुवात तू केलीस. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पण खरं काय झालं होतं, ते त्या हॉलमध्ये कोणीच सांगितलं नाही, ना तू, ना मी. आज मी लिहिते. चुकत असेल तर खोडून परत पाठव.

चार महिने झाले होते. कंपनी फोन उचलत नव्हती. तुझ्या स्वयंपाकघरात आपण वाटाणे सोलत होतो. तू म्हणालीस, "मला कोणी आत घेत नाही." मी म्हटलं, "मला इथे ओरडायला कोणी देत नाही." इथे चार बायका फलक घेऊन उभ्या राहिल्या तरी परवाना लागतो. तू सोललेले वाटाणे माझ्यापुढे सारलेस आणि शांतपणे म्हणालीस, "मग तू मुंबईला जाऊन ओरड. कंपनीच्या तिथल्या ऑफिसच्या पायऱ्यांवर बस. ते घाबरले की मी इथल्या दाराने आत जाते आणि सांगते, त्या बाईला मी आवरते, पण माझ्या हातात काहीतरी द्या."

हे तू म्हणालीस, जया. गप्प बसणारी तू. आणि मला ते इतकं पटलं की मी त्याच आठवड्यात विमानाचं तिकीट काढलं.

पायऱ्यांवरचा माझा फोटो आला. तिसऱ्या दिवशी तुला त्यांनी आत बोलावलं, चहा दिला आणि दर आठवड्याला फोन जोडून द्यायचं कबूल केलं. त्यानंतर बोलणी हलली. माझ्या ओरडण्याने दार किलकिलं झालं आणि तुझ्या गप्प राहण्याने ते उघडं राहिलं. मी एकटी असते तर पायऱ्यांवर बसून उन्हाने काळी पडले असते. तू एकटी असतीस तर अजून रिसेप्शनवरच्या सोफ्यावर असतीस.

मुलांना मी आकडे सांगते. त्या युद्धात रशियाची अडीच-पावणेतीन कोटी माणसं मेली. अमेरिकेने त्यांना ट्रक दिले, बूट दिले, डबाबंद मांस दिलं. युद्ध संपल्यावर एकाने म्हटलं, रक्त आमचं सांडलं, आम्ही जिंकलो. दुसऱ्याने म्हटलं, सामान आमचं होतं, आम्ही जिंकलो. दोघेही खोटं बोलत नव्हते. दोघांनीही अर्धंच सांगितलं, आणि त्या अर्ध्यावर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगाला वेठीला धरलं. वेदांतला मी हे उत्तर द्यायला हवं होतं. विचारसरणी युद्धाआधीपासूनच वेगळ्या होत्या, त्यांच्या होत्या तशा आपल्याही. युद्ध चालू असताना मोर्चाची पोर आणि कारखानदाराची पोर एका ताटात वाटाणे सोलत होत्याच की.

आता दुसरी गोष्ट. ही मी कोणालाच सांगितलेली नाही आणि तूही नाहीस.

आपला सातचा मिस्ड कॉल आठवतो? इथे बारा महिने सातच्या सुमाराला दिवे लागतात आणि तीच वेळ सगळ्यांत वाईट असायची. तेव्हा आपण एकाच ब्लॉकमध्ये, तू चौथ्या मजल्यावर, मी अकराव्या. एक दिवस तू फोन करायचीस, एक दिवस मी. एकदा वाजवायचं आणि ठेवायचं. अर्थ इतकाच, की काही बातमी नाही, मी आहे. वाजत राहिला तर उचलायचा, म्हणजे बातमी आहे. आठ महिन्यांत तो एकदाच वाजत राहिला, सुटकेच्या दिवशी.

आणि एका दिवशी तो वाजलाच नाही. माझी पाळी होती.

सारंगला मी सांगितलंय की त्या संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढता काढता मला चक्कर आली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी उभी होते हे खरं. कपड्यांचे बांबू आत काढून ठेवलेले होते. त्यांच्यावर कपडे नव्हतेच.

तू लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाहीस. जिन्याने आलीस, अनवाणी, हाताला कणीक लागलेली. मला काही विचारलं नाहीस. खिडकी लावलीस, कडी घातलीस आणि माझ्याच डब्यातले तांदूळ काढून मऊ भात टाकलास. मी जेवेपर्यंत समोर बसलीस. दुसऱ्या दिवशीही काही विचारलं नाहीस, आणि नंतरच्या पंधरा वर्षांत, इतकं वैर झाल्यावरही, कोणापुढे एक शब्द काढला नाहीस. मला संपवायला तुला ते एक वाक्य पुरलं असतं. हळदीकुंकवात कोणाच्या कानात म्हटलं असतंस तरी झालं असतं.

तुझ्या गप्प राहण्याला मी सगळीकडे भित्रेपणा म्हणत आले. मी जिवंत आहे ती त्याच गप्प राहण्याच्या आडोशाला.

तेव्हा ऐक. अमेरिका आणि रशिया एकदा अणुयुद्धाच्या काठावर जाऊन परत आले, आणि मग त्यांनी आपसांत एक तार टाकली. लोकांना वाटतं लाल रंगाचा फोन होता. फोन नव्हता, टंकयंत्र होतं. ती तार चालू आहे ना हे बघायला तासातासाला संदेश पाठवत, आणि त्यात काहीही नसे. मुद्दाम बिनमहत्त्वाचा मजकूर, ज्यावरून भांडण होणार नाही असा. माझ्या वर्गातल्या पोरांना हे फार विनोदी वाटतं. मला नाही वाटलं. मला सातचा मिस्ड कॉल आठवला.

मी तुझं ब्लॉक काढलंय. आज दुपारीच काढलं. नंबर तोच आहे.

तू पुन्हा साहेबांकडे जा. सांग, ती प्रणिता दिल्लीला निघालीय, टीव्हीवाल्यांना घेऊन. मी खरंच निघालेली असेन, बॅग भरून. सांग की सोमवारचा फोन पुन्हा जोडला तर तू मला आवरशील. आणि जोडला की मला कळव, मी त्या क्षणी थांबेन. तुला न विचारता एक अक्षर छापून आणणार नाही. तुला कबूल असेल तर उद्या सात वाजता एकदा वाजव. बोलू नकोस. मला तुझ्याशी बोलता येईल असं अजून वाटत नाही.

प्रणिता


सेम्बावांग,
१७ ऑगस्ट

जयाताई,

काल सात वाजता वाजला. एकदाच.

मी पोळ्या करत होते. तवा तसाच राहिला, पोळी करपली. सारंगने येऊन गॅस बंद केला. "कोणाचा होता?" म्हणाला. मी म्हटलं, "कोणाचा नाही." तो माझ्याकडे बघून करपलेली पोळी खाऊन गेला. त्याला कळलं असावं.

बॅग भरली आहे. मंगळवारचं दिल्लीचं तिकीट आहे. तुला आत बोलावलं नाही तर मी खरोखर जाईन, आणि बोलावलं तर दोनदा वाजव, तिकीट फुकट गेल्याचा मला आनंद होईल.

श्रियाला मी एवढंच सांगितलं की आता आम्ही दोघी आहोत. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. आज पाळी माझी. सातला वाजवते.

प्रणिता


सेम्बावांग,
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जयाताई,

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. आता सवयच लागली.

त्या मंगळवारी सकाळी तू दोनदा वाजवलंस. तेव्हा मी चांगीला बोर्डिंगच्या रांगेत होते. रांगेतून बाहेर आले तेव्हा तिथली मुलगी विचारत होती, "आंटी, यू ओके?" पुढच्या सोमवारी श्रियाचा फोन वाजला. मग दोन महिने तू आत जात राहिलीस आणि मी बाहेर गुरगुरत राहिले. साहेब तुला म्हणाले म्हणे, "त्या बाई तुमचं कशा काय ऐकतात?" तू काय उत्तर दिलंस ते तू सांगितलं नाहीस. मला ऐकायला आवडलं असतं.

गेल्या आठवड्यात गुरुवारी सातला फोन वाजला. मी एक रिंग ऐकून पाठ फिरवली, कणकेत पाणी घातलं. तो थांबला नाही. दुसरी रिंग, तिसरी. माझे हात कणकेने भरलेले. बातमी आहे हे कळलं, कोणती ते कळेना. पंधरा वर्षांपूर्वी मी झडप घालून उचलला होता. या वेळी माझा हात पुढे होईना. श्रियाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. शेवटी सारंगने फोन उचलून माझ्या कानाला लावला आणि तू म्हणालीस, "सुटले गं. सगळे सुटले."

पंधरा वर्षांनी ऐकलेला तुझा आवाज जाड झालाय. मी दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. कणीक फोनला लागली, अजून निघत नाही.

रविवारी विमानतळावर तू एका खांबाशी, मी दुसऱ्या. अमेय आला. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. श्रिया त्याला धरून उभी राहिली, नुसती उभी. मग त्याने तुलाही वाकून नमस्कार केला, मलाही. फोटो काढताना कोणीतरी आपल्याला शेजारी उभं केलं. तुझ्या हाताला माझा हात लागला आणि तू काढून घेतला नाहीस. बोललीस एवढंच, "वजन कमी कर." तुझं झालंय का?

घरी येताना सारंग गाडीत आपणहून बोलायला लागला. मी हलले नाही, हललं तर थांबेल म्हणून. तो म्हणाला, "तिथे आम्हाला पेपर कळत नव्हता की कंपनी कळत नव्हती. कोण काय करतंय, काहीच कळत नव्हतं. संध्याकाळी निशिकांत म्हणायचा, त्या दोघी एकत्र असतील. मग झोप लागायची." थोड्या वेळाने म्हणाला, "परत आलो तर तुम्ही वेगळ्या झालेल्या. आम्ही कधी बोललो नाही, पण फार वाईट वाटलं होतं."

मी सबंध रस्ता रडत होते, जयाताई. सारंगसमोर कधी रडत नाही तशी रडले.

आणि आता खरं काम. या पत्राचं कारण ते आहे.

काल तुमच्या 'सोबत'च्या ग्रुपवरचा मजकूर फिरत फिरत माझ्याकडे आला. 'संयम आणि विश्वासाचा विजय.' खाली तुझा फोटो. तो तू लिहिलेला नाहीस, चौथीतल्या मुलाने लिहावं तसं मराठी आहे. माझ्याकडच्या बायकांनी तासाभरात उत्तर तयार केलं, 'लढ्याला यश'. खाली माझा फोटो, मुंबईच्या पायऱ्यांवरचा, जुना. मला विचारायला आल्या, टाकू का? मंडळ सत्कार ठेवणार आहे म्हणे. माईक असणार.

मी ते टाकू दिलं नाही. त्यातली चैताली चिडली. "मग त्याच सगळं श्रेय घेऊन जाणार," म्हणाली. खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही तसंच वाटलं. बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. मग वेदांत आठवला. जिंकले ना, मग परत कशाला? पोराचा पेपर या आठवड्यात आहे. त्याला मी परवा खरं उत्तर सांगितलं. म्हटलं, युद्धात कोणाला एकमेकांची आठवण ठेवावी लागत नाही, शत्रू ठेवायला लावतो. जिंकल्यानंतरची पहिली संध्याकाळ कठीण असते. तेव्हा कोणी कोणाला फोन करत नाही. तो म्हणाला, "कॅन राइट इन एक्झाम, मेह?" मी म्हटलं, परीक्षेत पुस्तकातलंच लिही.

सत्कार होऊ दे. माईक तुझ्या हातात आधी आला तर वाटाण्यांचं सांग. माझ्या हातात आला तर मी सांगेन. खिडकीचं तुझ्या-माझ्यात राहू दे. आणि संक्रांतीला हळदीकुंकू एकच करू, तुझ्या हॉलमध्ये की माझ्या ब्लॉकखाली यावर आपण रीतसर भांडू. वाण स्टीलची वाटी.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? गुरुवारी तू बातमी दिलीस, त्यानंतर आजपर्यंत सातला फोन वाजलेला नाही. पाळी कोणाची ते आपण दोघी विसरलो. बातमीच संपली, आता कशाला, असं तुलाही वाटलं असेल. मलाही वाटलं. मागच्या वेळीही नेमकं असंच झालं होतं. सुटकेच्या दुसऱ्या दिवशी आपण फोन केला नाही. कोणी ठरवलं नव्हतं, नुसता राहून गेला. आणि सत्कार त्यानंतर पंधरवड्याने होता.

आता साडेसहा झालेत. समोरच्या ब्लॉकमध्ये कोणीतरी आकाशकंदील लावलाय. कोणी अडकलेलं नाही, कोणी यायचं राहिलेलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही.

हे पत्र तुला उद्या मिळेल. तोवर आजची रिंग होऊन गेली असेल आणि कशासाठी होती हे तुला कळलं नसेल, म्हणून हे लिहून ठेवलं. उद्या सातलाही मीच वाजवीन.

उचलू नकोस.

तुझी,
प्रणिता